कुंकू न लावलेला मिक्सर

रत्नागिरी

ती. ज्ञानेश्वरीताई यांना रावजीचा नमस्कार.

दाभोळला सगळी बरी असाल. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? देत नसेल तर खालीच बसा, वरचं दिशा सूनबाई बघतील. माझी प्रकृती ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतो. पत्र पाहून दचकू नका, वाईट काही नाही. फोनवर मला सुचत नाही (तुळसा म्हणायची, तुमच्याशी बोलण्यापेक्षा एसटीच्या चौकशीच्या खिडकीशी बोललेलं बरं), म्हणून लिहायला बसलो.

तर मी मिक्सर घेतला. तिचा जुना मिक्सर ती गेल्यावर महिन्याभरात जळला. शेजारच्या येसूबाई खोबऱ्या-मिरचीचं वाटप वाटून द्यायला तयार होत्या, पण दुसऱ्याच्या वाटपावर माणूस किती दिवस कालवण करणार? म्हणून बाजारात विनीतच्या दुकानात गेलो. हे दुकान तसं तुळसाचंच. मालक विनीत असला तरी हुकूम तिचा चालायचा. ती एकेक वस्तू उलटीपालटी करून त्यातल्या खोडी काढायची आणि मी मागे पिशवी धरून उभा राहायचो. त्या दिवशी विनीतने विचारलं, "काकू नाय आल्या?" मी म्हटलं, नाही. हे काही खोटं नव्हतं.

घरी आणून त्यात खोबरं आणि लाल मिरच्या घातल्या. मिक्सर गुरगुरला, झाकणाबाहेर मसाला उडवला, जळका वास सोडला आणि बंद पडला. येसूबाई धावत आल्या. "काय ओ भावोजी, नव्या वस्तूला हळदकुंकू नाय, नारळ नाय, मग ती चालायची कशी?" मी म्हटलं, वर्ष व्हायचं आहे, घरात पूजा कशी करणार? त्या मग मसाल्यात उरलेले खोबऱ्याचे तुकडे वेचत बसल्या. (त्याच तुकड्यांचं कालवण केलं. बांगडा चावण्याआधी खोबरं चावावं लागलं.)

सदोष वस्तू बदलून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असली तरी, हे मी पेपरात वाचलं होतं. ते वाक्य भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरताना मोठ्याने म्हणून पाठ केलं. (दोन कुत्री उठून निघून गेली.) पण दुकानात तोंडातून निघालं ते, "जरा बघता का?" विनीत म्हणाला, "कंपनीचा माणूस आला की बघू," आणि मी एक बल्ब विकत घेऊन घरी आलो. पुढच्या खेपेला बॅटरीचे सेल घेऊन आलो. असंच चाललं असतं तर मी त्या दुकानातला अर्धा माल घरी आणला असता.

शेवटी मिक्सर काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, बदलून द्या. विनीतने मोबाइलचा उजेड पाडून तो चहूबाजूंनी पाहिला आणि बटणाशेजारचा लाल डाग दाखवला. "काका, हे कुंकू. पूजा झाली म्हणजे माल वापरात आला. कंपनी घेत नाय." मी म्हटलं, मसाला आहे. तो म्हणाला, कुंकू. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन आलेली एक बाई पंख्याचा भाव विचारत होती. तिने डागावर बोट फिरवून जिभेला लावलं. "अरे मेल्या, मिरची हाय ही! कुंकू झोंबतं काय?" तरी विनीत मानेना. "नवी वस्तू घरी नेली आणि पूजा नाय, असं एक घर दाखवा मला रत्नागिरीत. काकूंना फोन लावा. त्या खोटं नाय बोलायच्या."

ताई, तुम्हाला सांगतो, तुळसा गेल्याचं मी अजून कोणाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. सगळ्यांना फोन दर्शनने केले. पोरगा मुंबईहून आला, त्यानेच सगळं निभावलं. मी नुसता बसून होतो. मिक्सर उचलावा आणि घरी जावं, असं मनात आलं. मग वाटलं, ती इथे असती तर अशी हार मानून घरी गेली नसती. मी म्हटलं, "पूजा केली असती तरी बिघडलेली वस्तू तुम्हाला परत घ्यावीच लागली असती. पण पूजा केलेली नाही. तुळसा गेली. आमचं वर्ष चालू आहे."

त्या बाईने पिशवी खाली ठेवली. विनीत आत गेला आणि नवा मिक्सर घेऊन आला. माझ्यासमोर पाणी घालून चालवून दाखवला. मग हळूच म्हणाला, "काका, आधी सांगायचंत. काकूंना घाबरून मी तुम्हाला कधी चहासुद्धा विचारला नाय." चहा आला. फार गोड होता. मी प्यायलो.

एवढंच कळवायचं होतं. जमलं मला. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

आपला,
रावजी

ता. क. नवं बिल करताना विनीतने विचारलं, "नाव कोणाचं घालू?" मी 'तुळसा' म्हणालो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तेच घातलं. मोबाइल नंबर विचारल्यावर मी तुमचा दिला.

आणखी एक. मिक्सर कसा चालतो हे विचारायला कंपनीतून कोणा मुलीचा फोन येईल. तुळसा मॅडम बोलताय का, असं ती विचारेल. कृपा करून हो म्हणा. तुम्ही तिची सख्खी बहीण, फोनवर तुमचा आवाज तिच्यासारखाच येतो. मिक्सर उत्तम चालतो, पण तसं सांगू नका. वायर आखूड आहे म्हणून चांगलं खडसवा. तिने आजवर कुठल्याही वस्तूला एकदम चांगलं म्हटलेलं नाही. (मलासुद्धा.)