दोर खोटं बोलत नाही

ता. ८ एप्रिल १९३५, सांगोल्याजवळ

आलो एकदाचा! कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून छोटीत बसलो, तेव्हा समोरच्या म्हातारीने विचारलं, एवढी खोकी कसली. म्हटलं, मी तांडेल, पाणबुड्या आहे, सांगोल्याकडे बुडायला निघालोय. सगळा डबा हसला. तिथं प्यायला पाणी न्हाय लेकरा, बुडायला कुठलं आणणार, असं म्हातारी म्हणाली. मीही हसलो. जन्म मालवणचा, तरुणपण मुंबईच्या गोदीत बोटींच्या पोटाखाली गेलं, आणि आता नोकरी कुठे, तर जिथे मेंढरं धुळीने आंघोळ करतात तिथे!

हिंदुराव पाटलांनी स्टेशनवर बैलगाडी पाठवली होती. माणूस दिलदार. आल्या आल्या मटणाचं जेवण, आणि राहायला मळ्यातली धाब्याची खोली, विहिरीला लागूनच. दोन वर्षं पाऊस नाही. गावच्या साऱ्या विहिरी आटल्या, उरली ती पाटलांची ही पाताळविहीर. तिचंही पाणी तळाला गेलं म्हणून वडार लावून खणली, तर पहारीखाली तळच फुटला. खाली भलंमोठं भोक निघालं, उरलेलं पाणी त्यात उतरलं आणि तिथेच थांबलं. दगड बांधून दोर सोडला तर दोर संपतो, भोक संपत नाही. आत उतरून झरा कुठे बुजलाय ते पाहायचं आणि मोकळा करायचा, एवढंच माझं काम. समुद्र पाहिलेल्या माणसाला ही विहीर म्हणजे पळीपंचपात्र.

ता. १० एप्रिल

माणसं तयार करतोय. हवेचा पंप फिरवायला धोंडीराम आणि त्याचा भाऊ, दोर धरायला बिरप्पा धनगर. बिरप्पाचे हात चांगले आहेत, डोक्याचं सांगवत नाही. म्हणून खुणा सोप्या ठेवल्या. खालून एक हिसका आला की मी बरा आहे. दोन आले की आणखी माणूस पाठवा. तीन आले की वर ओढा. टोप चढवल्यावर पाणबुड्याला तोंड उरत नाही, दोर हेच त्याचं तोंड.

सरावात बिरप्पाने एक हिसका सोडून दिला. वाऱ्यानं हललं आसंल, म्हणाला. सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली आणि घोकून घेतलं, दोर खोटं बोलत न्हाय. त्याची बायको मायाक्का शेजारी उभी राहून पुटपुटत होती. तिला नवऱ्याआधी पाठ झालं. आता गावातली पोरंसुद्धा गुरं हाकताना तेच ओरडतात. मला मोठी गंमत वाटली.

संध्याकाळी त्यांना समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. दोन अमेरिकन साहेब लोखंडी गोळ्यात बसून अर्धा मैल खाली गेले, ते पेपरात आलं होतं, ते सांगितलं. एका आगबोटीच्या कप्तानाने मला बरणीतला एक मासा दाखवला होता, तोही सांगितला. जिथे ऊन कधी पोचत नाही तिथला. त्याच्या कपाळातून एक काडी निघते आणि काडीच्या टोकाला दिवा. लहान मासे दिवा पाहून येतात, दिव्यामागे तोंड असतं. मायाक्काने विचारलं, समोरच्याला काय पायजे ते त्याला कसं कळतं? मी म्हटलं, त्याला कळायची गरज नाही बाई, गरजवंत आपल्या पायांनी येतो.

ता. १२ एप्रिल

आज उतरलो.

भोकापर्यंत पाणी गढूळ आणि कोमट. त्याखाली मात्र ते काचेसारखं स्वच्छ होत गेलं आणि रबरी पोशाखातूनही थंडी हाडाला लागली. भिंती दूर सरकल्या. पाणदिवा फिरवला तर भिंतच नाही, तळ नाही. आरपार दिसणारे झिंगे होते, त्यांच्या पोटात निळसर उजेड. एक पांढरं, दोरीसारखं लांब जनावर टोपाच्या काचेला चिकटलं. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. खरं सांगतो, मला हर्ष झाला. समुद्राच्या तळाशी असतं ते सगळं इथे, सांगोल्याच्या माळाखाली!

मग फार खाली एक दिवा दिसला. देवळीतल्यासारखा, न हलणारा. मला तो आवडला नाही. मी तीन हिसके दिले. वर जाऊ लागलो आणि मध्येच थांबलो. पुन्हा तीन दिले. पुन्हा थोडा वर, पुन्हा थांबलो. तेवढ्यात दिवा बराच जवळ आला होता आणि माझ्या पायांखाली लोंबणारं दोराचं मोकळं टोक कुणीतरी चाचपत होतं. हिंदुराव चहाला बोलवायला आले आणि त्यांनी दरडावून वर ओढायला लावलं म्हणून आज हे लिहितोय. हातमोज्यावरचं पाणी चाखलं तर खारट.

बिरप्पा म्हणतो, तीन आलं म्हून वडलं, मग एक आला, बरा हाय म्हून, तवा थांबलो. मी एक हिसका दिलाच नव्हता. दोराच्याच टोकाने त्याला फोडून काढला. रडत रडत एवढंच म्हणत राहिला, दोर खोटं बोलत न्हाय सायेब, तुमीच सांगितलंसा.

ता. १४ एप्रिल

मी पुन्हा उतरणार नाही. कान दुखतोय असं हिंदुरावांना सांगितलं. ते म्हणाले, मग दुसरं कोण? मी म्हटलं, बिरप्पा. पट्टीचा पोहणारा आहे, छाती रुंद आहे, आणि नाही म्हणायची त्याला सवय नाही. त्याने एकच मागितलं, पाणी लागलं तर पहिल्यांदा माझी मेंढरं पितील. हिंदुरावांनी शब्द दिला.

मायाक्काने मला विचारलं, खाली काय हाय? चिखल, मी म्हटलं. दिव्याचं बोललो असतो तर तो उतरला नसता, आणि मग मला उतरावं लागलं असतं. टोपाचे स्क्रू मीच आवळले. काचेतून तो हसला. दोर मायाक्काच्या हातात दिला.

दुपारी. हवेची नळी एकदम हलकी लागली. ओढली तर नुसतं टोक वर आलं. कापलेलं नव्हतं. चोखून टाकलेल्या उसाच्या चिपाडासारखं झालं होतं. मी ओढा, ओढा म्हणून ओरडलो. सगळे दोराला लागले. आणि दोराला हिसका बसला. एक. सगळे थांबले. मायाक्का हसली, म्हणाली, बरं हायती की!

ता. १५ एप्रिल

विहिरीचं पाणी चढतंय. गोड पाणी.

ता. १७ एप्रिल

मोट लागली. मेंढरं आधी प्यायली, हिंदुरावांनी शब्द पाळला. गावात जत्रेसारखं झालंय.

मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, हवेवाचून माणूस घटकाभरही जगत नाही, बिरप्पा मेला. फौजदाराला कळवा. हिंदुराव म्हणाले, "फौजदार कशाला? मानूस जिता हाय की." धोंडीराम म्हणाला, तुमीच शिकवलंसा.

मायाक्काने नळीचं फाटकं टोक परत पाण्यात सोडलंय आणि पंप ती स्वतः फिरवते. पाण्यावर बुडबुडे येतात, तिला वाटतं तो श्वास घेतोय. तळहातांची सालं निघालीत. रोज सकाळी कपाळभर कुंकू लावून येते. आज तिची सासू दगड घेऊन आली, सुनेच्या बांगड्या फोडायला. मायाक्काने दोर सासूच्या हातात दिला. हिसका बसला. म्हातारी विहिरीच्या पाया पडली, दगड टाकून घरी गेली आणि पोरासाठी पुरणाचा घास घेऊन आली. तो विहिरीत सोडला.

ता. २० एप्रिल

आज मी दोर धरला. एक हिसका दिला. एक आला. मग काहीच न करता नुसता धरून बसलो. दोर पलीकडूनही कुणी तसाच धरला होता. हळू, लाडाने. वासरू हात चाटतं तसं.

कळलं. तिथे दिवा लावून भागत नाही म्हटल्यावर त्या खालच्याने दुसरी काडी शोधली, दोराची. आम्हीच सोडली आणि आम्हीच शिकवली. मी शिकवली.

स्टेशनवर पळालो. हिंदुरावांच्या गड्यांनी मला गाडीतून उतरवून आणलं. मारलं नाही. उलट पाया पडले.

ता. २२ एप्रिल

पाणी चढायचं थांबलं. आता उतरतंय.

दुपारी, सगळं गाव काठावर — दोराला हिसके बसले. दोन.

सगळ्यांना पाठ आहे.

ता. २३ एप्रिल

बिरप्पाचाच मेंढा सोडला. ओरडला, मग नाही. पुन्हा दोन.

मी म्हटलं, ओढून काढा ना बिरप्पाला, तुम्हीच बघा. काढू लागले — एक हिसका — थांबले. बरा हाय म्हणतो. मग दोन. बरा आहे, आणि माणूस पाठवा. किती सरळ!

धोंडीरामाने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी.

ता. २४ एप्रिल

खोलीला बाहेरून कडी. मायाक्का भाकरी घेऊन आली. पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, तेनला मदत पायजे, तुमी दर्यातलं मानूस, तुमास्नी सगळं ठावं हाय. मी तिला खरं सांगितलं — पहिल्या दिवशीचा दिवा, एक हिसका, सगळं. माझ्या कानाचं खोटं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, मानूस खोटं बोलतं सायेब.

भाकरी ठेवून गेली. कडी लावून.

पाणी भोकाशी आलंय म्हणे. मेंढरांचा आवाज —

ता. २५ एप्रिल

ऊन डोक्यावर. हलगी वाजतेय.

टोप नाही, पोशाख नाही, ते खाली त्याच्याकडे आहेत. विचारलं, नळीवाचून मी — तर धोंडीराम म्हणतो, बिरप्पाला तरी कुठं हाय नळी?

कडी वाजली. मायाक्का दारात. ओवाळायचं ताट. कुंकू. हसतेय. तिने सकाळी दोराला विचारलं म्हणे, तांडेलसायबच पायजेत का? एक हिसका आला.

धोंडीरामाच्या हातात दुसरा दोर, नवा. म्हणतो, वर यायचं आसंल तर तीन द्या, आमी हाय. रडतोय. खरंच रडतोय.

मी सांगतो त्यांना. आता ऐकतील. शेवटचं एकदा नीट सांगतो, सगळ्यांसमोर, की दोर खोटं —