दार उघडे राहण्याची अट

मी आम्मिया, मेनोफिलोस याची मुलगी, वय सत्तेचाळीस, राहणार अत्तालिया बंदर, धंदा जहाजांची शिडे शिवण्याचा. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी एकदा भाव करून पाहावा. परवा मी जहाजाने उत्तरेच्या समुद्राकडे, आमिसोसला निघते आहे. वाट लांब, समुद्र लहरी, म्हणून माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते.

बाईच्या मृत्युपत्राला पालकाचा शिक्का लागतो. माझा पालक म्हणजे धाकटा भाऊ दियोक्लेस, ज्याचे नाक लहानपणी मीच पुसले. तो समोर बसला आहे आणि शिक्का मुठीत आवळून आहे, कारण माझे घर त्याला तेलाच्या कोठाराला हवे आहे. मला ते घर प्रभूचे शुभवर्तमान घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांसाठी उघडे ठेवायचे आहे. बंदरावर उतरलेल्या त्या माणसांना या गावात दुसरे दार नाही.

पहिले. सुया, मेण आणि जाड शिडातून सुई ढकलायचे तळहाताचे चामडे शेजारच्या एलपिसला. तिने दोरा दातांनी तोडणे बंद करावे.

दुसरे. नवरा ग्लिकोन. एकोणीस वर्षांपूर्वी शुभवर्तमान सांगायला निघाला. "दोन महिन्यांत येतो गं," म्हणाला. पहिले पत्र पेर्गेहून आले, म्हणजे इथून जेमतेम एका दिवसाच्या वाटेवरून, आणि तेव्हाच त्याचे पाय दुखत होते. मग अपोलोनिया, मग अंकिरा, मग डोंगर ओलांडून थेट आमिसोस. प्रत्येक गावी मूठभर माणसे गोळा करायची, प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्यांची मंडळी उभी करायची, आणि मला लिहायचे, "पुढच्या वसंतात नक्की." मी वाटेत बुडाले तर ही सगळी पत्रे त्याला परत द्यावीत. एकदा स्वतः ओळीने वाचून पाहू दे.

यंदाच्या पत्रात मात्र एक कामाचे वाक्य आहे: "इथे तीस बायका बाप्तिस्म्यासाठी थांबल्यात. त्यांना तेल लावायला, पाण्यात धरायला बाईमाणूस नाही. तू ये." मी त्या तीस जणींसाठी जाते आहे. नवरा तिथे भेटला तर भेटला.

तिसरे. घरातल्या पाहुण्यांचा नियम बदलू नये. ओळखीचे पत्र पाहावे, दोन दिवस जेवू घालावे, तिसऱ्या दिवशीही राहायचे असेल तर हातात काम द्यावे. आणि अंगात आत्मा संचारला असताना कोणी जेवण मागितले, तर ते त्याने स्वतः खायचे नाही. फ्रिगियाचा तो थेओडोतोस भर प्रार्थनेत डोळे मिटून गरजला होता, "आत्मा सांगतो, ताट मांडा! मासा तळा! मोठा!" आम्ही मोठा मासा तळला, ताट मांडले आणि त्याच्यासमोर बसून सगळ्यांनी खाल्ला. "भगिनी, निदान शेपटी तरी?" तो हळूच म्हणाला. मी म्हटले, "बंधू, आत्म्याने शेपटीचं काही सांगितलं नाही."

चौथे. घर. मंडळीच्या नावावर करता येत नाही. कायद्याला मंडळी दिसतच नाही. म्हणून ते क्रेस्तेच्या नावावर. ती माझी दासी होती, सहा वर्षांपूर्वी मी तिला मोकळी केली, आणि आलेल्या प्रत्येक उपदेशकाला तिनेच रांधून घातले आहे.

इथे दियोक्लेसने बाक सरकवला.

"ताई, घर त्या स्वयंपाकिणीला? आणि सख्खा भाऊ काय वाऱ्यावर?"

"तुला नको असलेली माणसं तिथे राहणार आहेत. तू काय त्यांना तेलाच्या रांजणात ठेवणार?"

"मग मी शिक्का मारत नाही. बस जाऊन जहाजात."

तो मारणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाचवे कलम त्याच्यादेखत लिहिते.

पाचवे. कोणत्याही संध्याकाळी हे दार बंद आढळले, किंवा दारातून कोणी उपाशी परत गेले, तर घर त्याच घटकेला दियोक्लेसचे. क्रेस्तेने तक्रार करू नये.

तो ताठ बसला. "आढळलं म्हणजे कोणाला?"

"तुला. रोज येऊन बघत जा."

"रोज? पावसाळ्यातही?"

"पावसात तर माणसाला दार लावून घ्यावंसं वाटतंच."

आतून क्रेस्ते ओरडली, "याल तेव्हा जेवूनच जायचं हं मालक! तुम्ही उपाशी गेलात तर माझं घर जाईल!"

दियोक्लेसने थोडा विचार केला, भिंती न्याहाळल्या, आणि आत्ताच मेणावर शिक्का दाबला. खूश दिसतो आहे. मीही आहे. वीस वर्षांत आलेल्या एकाही उपदेशकाला जे जमले नाही ते झाले: माझा भाऊ यापुढे रोज संध्याकाळी मंडळीत जेवायला बसणार.

सही: आम्मिया, स्वहस्ते.
पालक: दियोक्लेस, राजीखुशीने.
साक्षीदार: दोरखंडवाला हेर्मोगास, सुतार त्रोकोंदास, कोळी निकाद्रोस, भट्टीवाला ओप्लेस, वल्हेकरी झोतिकोस, शिकवणीवाला कॅलिस्थेन, आणि अंकिराहून आज सकाळीच आलेला प्रवासी मेनेक्रातेस.
मुक्काम अत्तालिया. सम्राटाच्या राज्याचे तेरावे वर्ष, हिवाळ्यानंतर समुद्र खुला झाल्याचा पाचवा दिवस.