तोरणमाळचे पाच दगड

९ मे, गुरुवार
निलेश आला. सोबत सूनबाई कविता आणि परी. सकाळी सुरतहून निघाले, दुपारी शहाद्यात. उन्हानं परीचे गाल लालभडक. एकुलता मुलगा घरी आला की आईला बरं वाटतं. वाटायला हवं. मी चहा टाकला.

रविवारी घर घेणारा माणूस बघायला येणार. मी हो म्हटलं की घर विकायचं नि मी सुरतला जायचं. हो मीच म्हणायचंय, घर आता माझ्या एकटीच्या नावावर.

हे जाऊन सात महिने झाले. अजून रडू नाही. शेजारच्या विमलताई रोज म्हणतात, बाई, एकदा रडून घ्या. जसा काही गॅसचा नंबर लावायचा राहिलाय.

१० मे, शुक्रवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया
ह्यांच्या नावाने भरायची पहिली घागर. नवी मातीची घागर, वर लहान मडकं, त्यावर खरबूज. सांजोऱ्या, आमरस. नि.ने पाणी घातलं. रसात साखर टाकायची मी विसरले. सगळ्यांनी तसाच खाल्ला.

भांडी घासताना क. म्हणाली, "आई, पुढला वरीसले घागर सुरतलेच भरू. पानी ते पानीच शे, आठे भरो का तठे."
खोटं नाही, पाणी इथलं काय नि तिथलं काय. पोरगी वाईटही नाही, तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकते.

पण ह्यांना सुरतचा पत्ता कुठे माहीत... लिहिलं आणि स्वतःचंच हसू आलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवून ही अक्कल.

उद्या तोरणमाळ. नि. म्हणतो, पोरीची सुट्टी आहे, तुझंही मन रमेल. बरं म्हटलं. हल्ली सगळ्याला बरंच म्हणते.

११ मे, शनिवार
पहाटे ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी केल्या. मोजून आठ. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, माणसं चार, त्यातली एक सात वर्षांची. आठ हा हिशोब ह्यांच्या वेळचा.

घाटात परीला दोनदा उलटी. वर हवा गार. आधी तलाव, मग जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंती. दरवाजाची एक बाजू उभी, दुसरी गवतात. पाटीवरची अक्षरं उन्हानं गेलेली.

परी : हे कुणाचं घर होतं?
मी : राजाचं.
परी : मग आता?
मी : आता कुणाचं नाही.

भिंतीखाली लोकांनी रचलेल्या दगडांच्या उतरंडी होत्या. एकावर एक, पाच-पाच, सात-सात. ज्याला घर नाही त्याने रचायची, म्हणजे घर होतं. आम्हीही रचली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. हे एस.टी.त कंडक्टर, म्हणून पासावर आलो होतो. पाच दगड. तीन ह्यांनी ठेवले, दोन मी. तेव्हा भाड्याच्या एका खोलीत राहायचो. हे म्हणाले होते, "घर व्हयनं का ईसन पाडी टाकानं. नहीत मांगणी तशीच ऱ्हास." घर झालं. पाडायला कधी आलो नाही, मागणं तसंच उभं. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता राहिलं.

नि. आणि क. फोटो काढत होते. मी सावलीला बसले. काही विचार करत नव्हते, खरंच नव्हते. परी आली नि म्हणाली, "आजी, तुझ्याकडे तर घर आहे ना?"
बघितलं तर माझ्यासमोर पाच दगड. एकावर एक, नीट. हात मातीने भरलेले. कधी रचले ते मलाच कळलं नाही.

क.ला आनंद झाला. "दखा, आईनी सुरतना घरसाठे रचं!" लगेच भावाला फोन, आई तयार झाल्या म्हणून. नि.ने गाडीची किल्ली काढली. मी हात पुसले. उतरंड तशीच ठेवून निघालो.

घाट उतरताना त्याने आरशातून पाहिलं. "माय, तू कोनतं घर मांगी ऱ्हायनी व्हती?"
 सुरतचं मागितलं की आहे तेच परत मागितलं, की ह्यांच्यासकटचं ते जुनं...

चार भाकरी उरल्या. खाली म्हसावदला गायीला घातल्या.

१२ मे, रविवार
माणूस आला, बायकोला घेऊन. सभ्य. चपला बाहेर काढल्या. तिने स्वयंपाकघर पाहिलं, ओटा उंच आहे म्हणाली. उंच आहेच. माझ्या मापाने ह्यांनी बांधून घेतलाय, मी उंच. तिचा खांदा दुखेल त्याच्यावर.

मागच्या दारी ह्यांनी लावलेल्या लिंबाला त्या माणसाने हात लावून बघितला. तेव्हा मात्र मी पुढे होऊन मध्ये उभी राहिले. सात महिन्यांत पहिल्यांदा काही झालं. पण रडू नाही.

बसल्यावर त्याने विचारलं, "म्हैनाभरमा खाली व्हई का, मावशी?"
क.ने माझ्याकडे पाहिलं. नि. फरशीकडे बघत म्हणाला, "माय सांगी."

मी म्हटलं, "एक डाव तोरणमाळले जाई येस. मंग सांगस."
क. : कालच ते जाई उनात! कसाले?
"पाच दगड पाडाना शेतस."

तो माणूस गोंधळला. क.लाही कळलं नाही. नि.ला कळलं, ती गोष्ट त्याने लहानपणी बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलीय. घर मिळालेला माणूसच दगड पाडायला जातो, नि मला मिळालेलं घर हेच. तो उठला नि मागच्या दारी जाऊन लिंबाला पाणी घालत राहिला. पाठमोरा होता, खांदे हलत होते. त्याला तरी रडता आलं.

कालचे पाडायचे की तेव्हाचे, ते वर गेल्यावर बघू. तेव्हाचे कुठे सापडणार म्हणा.

संध्याकाळी स्टँडवर जाऊन तोरणमाळच्या गाडीची वेळ विचारून आले. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "जाऊन-येऊन?" मी नुसतं जायची विचारली. परतीची दगड पाडून झाल्यावर बघेन.