चौकशी कुणी केली

आप्पा,

तुमच्या वधूवर केंद्राची वेबसाइट करायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. केंद्र आता धाकटा बघतो. स्थळांची माहिती कार्डांऐवजी साइटवर ठेवायची, तर ती साठवायला डेटाबेस कुठला घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. धाकटा म्हणाला, "अक्का, एक्सेलमदी टाक की सगळं. आपली साइट ती केवढी, तिचा येवढा इचार कसला करतीस?" त्याचं चुकत नव्हतं. एवढ्याशा साइटला काहीही चाललं असतं. तरी मी कितीतरी दिवस अडून बसले, आणि त्याचं कारण तुम्ही आहात.

डेटाबेस म्हणजे तुमचं कार्डांचं कपाटच, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक प्रकार सैल असतो. एका नोंदीत रकाना आहे, दुसरीत नाही, तो आपणहून काही बोलत नाही. काम भरभर उरकतं. दुसरा हट्टी. त्याला रकाने आधी ठरवून द्यायचे, आणि अमुक रकाना सक्तीचा आहे असं एकदा सांगितलं की तो रिकामा असलेली नोंद तो आत घेतच नाही, मग ती कुणाच्याही घरची असो. तुम्हाला पहिला आवडला असता.

लोकांच्या मुलींसाठी तुम्ही किती हिंडलात. मला अजून दिसतं, राधानगरीकडचं स्थळ आहे, पाऊस नुसता कोसळतोय, आणि तुम्ही पिशवीत कोरडा सदरा घालून एस.टी.ला निघाला आहात. गावात उतरलं की मुलाच्या घरी जायच्या आधी तुम्ही दूध संस्थेपाशी उभे राहता, मग दाढी करायला बसता. मुलगा कसा आहे हे तुम्ही त्याच्या घरच्यांना कधीच विचारत नाही, दाढी करणाऱ्याला विचारता. परत येऊन आईला सांगता, "पोरगं दिसायला झ्याक हाय, पण संध्याकाळचं शुद्धीवर नसतंय. न्हाय द्यायची तितं." आणि कुणाची कोण मुलगी वाचते. त्या मुलीला ते कधी कळतही नाही.

माझं स्थळ आत्तीनं आणलं, मलकापूरचं. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "एकदा जाऊन तर या की. लोकांच्यासाठी जातायसा." तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "बहिणीनं आणलेलं स्थळ हाय. तितं चौकशी केली तर तिला तोंड कसं दाखवू मी?" मी तिथंच पाणी घेऊन उभी होते. मलकापूर काही विलायतेत नव्हतं, आप्पा. सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारी जेवायला घरी आला असतात. तिथल्या कुणीही सांगितलं असतं की हा माणूस पिऊन स्वतःच्या आईवरसुद्धा हात उचलतो. सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त विचारायला कुणी आलं नव्हतं.

मी कायमची परत आले त्या दिवशी आई माझ्या गालाला हळद लावत होती. तुम्ही दुपारी केंद्रातून आलात, माझ्याकडे बघितलंत, आणि आईला म्हणालात, "तिच्या आत्तीला काय बोलू नको." मला काहीच विचारलं नाहीत. तेव्हाही चौकशी नाहीच. पुढं कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणून माझ्यासमोर ठेवलात आणि "शीक," एवढं बोलून गेलात. त्यावरच मी शिकले, आज त्यावरच पोट भरते, ते मी नाकारत नाही. पण एका शब्दानं चुकलो म्हणाला असतात तर मला जास्त चाललं असतं. तुम्ही गेलात तेव्हा येईल तो सांगत होता, आप्पांनी शेकड्यांनी संसार उभे केले. मी चहाचे कप विसळत ऐकत होते, आणि मला तुमचा राग येत होता. अजून येतो.

म्हणून मी हट्टी डेटाबेस घेतला. त्यात एक रकाना सक्तीचा केला, चौकशी कुणी केली. परवा धाकट्याचा फोन आला. "अक्का, मामाच्या पोराची माहिती घीना झालंय हे. घरचंच हाय, त्याची चौकशी कसली लिवू?"

म्हटलं, "जाऊन ये, मग लिही."

"मामाला काय वाटंल? आप्पा असते तर असलं कायबी केलं नसतं."

"व्हय," मी म्हटलं, "म्हणूनच केलंय." त्यानं फोन ठेवून दिला. मामाच्या मुलाची नोंद अजून झालेली नाही, आणि ती होईपर्यंत मी तो रकाना सैल करणार नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. तेव्हा हेही सांगून टाकते. साइट सुरू करण्याआधी तपासणीसाठी काही नोंदी भरून बघाव्या लागतात. त्यातली एक मी मलकापूरच्या त्या स्थळाची भरली. चौकशी कुणी केली, इथं तुमचं नाव लिहिलं. डेटाबेसनं ती निमूट घेतली. रकाना भरलाय एवढंच त्याला कळतं, लिहिलेलं खरं आहे का ते कळत नाही. तपासणीच्या नोंदी नंतर पुसून टाकायच्या असतात. बाकीच्या पुसल्या. ही मी लोकांना दिसणार नाही अशी ठेवली आहे, आणि अधूनमधून उघडून वाचते.