सहा पेल्यांनंतर कळलेली गोष्ट

दादा,

किल्ली तुला झाडांना पाणी घालायला दिली होती, गिऱ्हाइकांना घर दाखवायला नाही.

महिनाभर आम्ही दोघं या गाडीतच राहतोय, स्वयंपाक आणि झोप तिच्यातच. परतीच्या वाटेवर वायनऱ्या बघतोय. तिथं वाईन नुसती चाखून थुंकायची असते. तुझ्या मेहुण्यांनी चाखायला दिलेले सहाही पेले गिळले आणि तिथल्या मालकाला म्हणाले, "घर विकतोय. हिचा भाऊ बघतोय सगळं. आता गाडीतच राहायचं." मी शेजारीच उभी होते.

बाकी यांची तब्येत बरी आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

कुणाला शब्द दिला असशील तर मोड. आम्ही पुढच्या रविवारी पोचतो. माझ्या किल्लीनं माझं दार उघडणार की नाही, शनिवारच्या आत मला कळव, यांना नाही.

तुझ्यावर भरवसा ठेवलेली,
धाकटी