काचेच्या कपाटातलं लुगडं

बा, तुले जाऊन बारा वर्षं झाली अन् तुझं लुगडं अजून इतवारीतल्या त्या कंपनीच्या काचेच्या कपाटातच आहे. पुढच्या महिन्यात लिलाव. आज वकिलाकडे माझी चौथी खेप. तो म्हणते, कंपनी बुडाली तेव्हा तुझ्यासारख्या घेणेकऱ्यांनी तिच्याशी करार केला, कोर्टानं मंजूर केला, आता तिच्यावर दावा लावायचा तर पहिले कोर्टाची परवानगी मागा. म्हणजे भांडायलेही परवानगी! मी म्हटलं, मले पैसे नको, लुगडं पाहिजे. ते विकलं नव्हतं, गिऱ्हाइकाले दाखवाले नमुना म्हणून दिलं होतं. त्यानं कराराचा कागद पुढे सरकवला. त्यात लुगड्याची किंमत लावून ते कंपनीच्या नावे केलेलं, अन् खाली तुझा अंगठा.

करवती काठाचं ते लुगडं तू आईसाठी विणलं होतं. आई गेली तेव्हा तू म्हणाला, तिले तेच नेसवा. कुठून आणणार होती मी? शेजारणीचं नेसवून नेलं तिले. आता आणून कोणाले नेसवता, असं वकिलानं विचारलं. मी उठूनच येत होती.

तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. मी माहेरी आलेली, आई चुलीजवळ भाकरी थापते आहे, तू मागावर, अन् कंपनीचे मुनीमजी दारात हाच कराराचा कागद घेऊन उभे. ते साफ म्हणाले, "आज अंगठा नका लावू. कोण्या शिकलेल्याकडून वाचून घ्या, उद्या आणा." मी पिठाचे हात पदराले पुसले अन् म्हटलं, मी वाचते न. दुसरी पास होती मी. तू साऱ्या कोष्टीपुऱ्यात सांगत फिरायचा, माझी पोरगी वाचते म्हणून. दोन ओळी कशाबशा लागल्या. पुढचं सारं सरकारी, एक अक्षर कळेना. तू माग थांबवून माझ्या तोंडाकडे पाहून राहिला होता. मी म्हटलं, "लुगडं परत भेटते असं लिहिलं आहे. लाव अंगठा."

लहानपणी मी काठातला तुटका धागा खळ लावून दडवला होता, तर तू दिवसभराचं काम माझ्यासमोर उसवलं. तेव्हा लय राग आला होता तुझा. पण हे मात्र तुले दिसलं नाही. मरेपर्यंत म्हणत राहिला, मुनीमानं फसवलं. मी ऐकून घेत गेली. आता वकीलही तेच लिहा म्हणते: मुनीमानं खोटं सांगून अंगठा घेतला. तसं लिहिलं तरच परवानगी भेटेल म्हणते.

परवा मुनीमजी भेटले. डोळे गेले त्यांचे, आवाजावरून ओळखलं मले. म्हणाले, "तुझ्या बापाले मी सांगितलं होतं पोरी, वाचून घे म्हणून. आठवते न?" मी हो म्हटलं अन् निघून आली.

वकिलानं लिहिलेला अर्ज समोर ठेवला आहे. तुझ्यासारखा अंगठा नाही, सही करायची आहे मले. अन् बा, हाही कागद मले पुरा वाचता आला नाही. वकिलाले तसं सांगितलं नाही. सोमवारी अकरा वाजता कोर्ट उघडते. त्याच्या आत मले सांग, लुगडं आणू का खरं बोलू. बारा वर्षं तू गप्प आहे, आता सोमवारच्या पुढं मी थांबणार नाही.