सीटा घरी, गाडी बंदरात

मी, आमच्या रस्त्यावर सीटवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, मोटारींच्या सीटा शिवण्याचा धंदा करणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं मन ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी तपासून वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. आमच्या घरात ठिकाणावर असलेलं तेवढं एकच मन उरलं आहे आणि त्याचीही मुदत भरत आली आहे. पोटात जे वाढतं आहे ते आता काढण्यासारखं राहिलेलं नाही. हा लेख लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. दडपण आणायलासुद्धा कोणीतरी घरी यावं लागतं.

वकिलांनी मला मजकुराचा नमुना दिला होता. त्यात जागोजागी ‘माझे प्रिय वारस’ असं छापलेलं होतं. मी ‘प्रिय’ गाळलं आहे. कोण किती प्रिय ते ज्याचं त्याला माहीत आहे.

कलम एक, घर. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, असं हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या यजमानांनीच तसं केलं होतं. त्यांना सगळा रस्ता मिस्त्री म्हणतो, मीही इथे मिस्त्रीच लिहिते. “माझ्या नावावर ठेवलं, तर एक दिवस विकून गाडी घेईन मी,” असं ते तेव्हा हसत म्हणाले होते. हे घर मिस्त्रींच्या हयातीपर्यंत त्यांच्या राहण्यासाठी आहे. ते जिवंत असेपर्यंत घर विकू नये, भाड्यानं देऊ नये आणि वरची पुढची खोली रिकामी करू नये. त्यांच्यामागे मुलगा आणि मुलगी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भांडायचं असेल तर तेव्हा भांडावं.

कलम दोन, दुकानातलं सामान. जाड कापड शिवायचं मोठं मशीन, दोऱ्याची सगळी रिळं आणि वाकड्या सुयांचा डबा शेजारच्या पिशव्या शिवणाऱ्या बाईला द्यावा. मी दवाखान्यात होते तेव्हा तिनं मिस्त्रींना दोन्ही वेळा जेवू घातलं आणि त्याचा कुठे डांगोरा पिटला नाही. मशीनचा पट्टा पावसाळ्यात सैल पडतो, हे तिला सांगून ठेवलं आहे. कापड कापायची मोठी कात्री माझ्या धाकट्या दिरांनी एका दिवसापुरती म्हणून नेली, त्याला बरीच वर्षं झाली. ती कात्री मी त्यांना कायमची दिली, असं याद्वारे जाहीर करते. मी दवाखान्यात असतानाच ते मोजायची टेप घेऊन दुकानात आले होते, असंही कळलं आहे. दुकानाच्या मापांचा त्यांना काही उपयोग होणार नाही. कात्रीवरच समाधान मानावं.

कलम तीन, बँकेतली शिल्लक. ती मिस्त्रींच्या औषधपाण्यासाठी आहे. फार नाही. आमचं जे काही साठलेलं होतं ते समुद्रापार गेलं, त्याची हकीकत पुढच्या कलमात येते.

कलम चार, गाडी. इथे वकिलांनी हात वर केले. “काकू, जी वस्तू अस्तित्वात नाही ती मृत्युपत्रात लिहिता येत नाही,” असं ते म्हणाले. मी तरीही लिहिणार आहे, कारण ती लिहिली नाही तर पुढचं कोणालाच कळायचं नाही.

लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम एका जुन्या अमेरिकन गाडीचं होतं. लांबच लांब गाडी, मागे पंखांसारखी शेपटी, आणि पुढची सीट अखंड. मध्ये फट नाही, दांडा नाही, सबंध बाक. मिस्त्रींनी तिच्या स्प्रिंगा बांधल्या, मी लेदर शिवलं. काम झाल्यावर गाडीत बसवण्याआधी आम्ही ती सीट दुकानाच्या जमिनीवर ठेवून शेजारी शेजारी बसलो. “अशी एक घ्यायची,” मिस्त्री म्हणाले. नवरे असं काहीबाही म्हणतच असतात, म्हणून मी सोडून दिलं. त्यांनी सोडलं नव्हतं. मुलगा अमेरिकेत नोकरीला लागला, तसा त्याच्यामागे त्यांनी लकडा लावला, आणि एक दिवस त्याला तश्शीच गाडी सापडली. एका म्हातारीच्या गॅरेजात कापड पांघरून उभी होती. सीटा मूळच्या, कारखान्यातून निघालेल्या, कुठेही न उसवलेल्या. मिस्त्री तो फोटो दुकानात येईल त्याला दाखवत. फोटोत गाडी कमी आणि सीटाच जास्त होत्या.

आम्ही पैसे पाठवले. मी अडवलं नाही. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांत वाकून काम करणाऱ्या माणसानं म्हातारपणी स्वतःच्या गाडीत ताठ बसावं, असं मलाही वाटत होतं.

मग गाडी जहाजावर चढवायची वेळ आली. तेव्हाचं फोनवरचं बोलणं मी मशीनवर बसून ऐकत होते.

“सीटा आधी काढून घे,” मिस्त्री मुलाला म्हणाले. “वेगळ्या पेटीत बांध आणि विमानानं पाठव.”

“बाबा, एजंट म्हणतोय, गाडी जशी आहे तशीच पाठवा. काही सुटं करू नका.”

“एजंटानं आजवर किती सीटा शिवल्यात? जहाजावरच्या बंद पेटाऱ्यात, समुद्राच्या दमट हवेत, इतके दिवस लेदर राहिलं तर बुरशी धरेल. टाके कुजतील. मला गाडीसाठी सीटा नकोत रे, सीटांसाठी गाडी हवी आहे.”

“बाबा, ऐका ना जरा.”

“तू ऐक. या कामात माझे केस पांढरे झालेत.”

मुलानं ऐकलं. सीटा विमानानं आल्या, घरातलं सामान म्हणून विनातक्रार सुटल्या आणि घरी पोचल्या. चार माणसांनी जिन्यावरून वर चढवल्या. लेदरला एक चरासुद्धा नव्हता. मिस्त्री त्या संध्याकाळी जेवले नाहीत, नुसते हात फिरवत बसले. नंतर गाडी बंदरात आली. तिथल्या साहेबांनी दार उघडून पाहिलं आणि विचारलं, “यात बसायचं कुठे?”

नियम असा निघाला की जुनी गाडी आणायची तर अखंड आणता येते. सुटी असेल तर ती गाडी धरत नाहीत, भंगार सुटे भाग धरतात, आणि तसे भाग देशात आणायला बंदी आहे. मिस्त्री म्हणाले, “साहेब, सीटा माझ्या घरी आहेत. टेम्पोत घालून आणतो, तुमच्या डोळ्यांदेखत बसवतो, चहा होईपर्यंत काम होईल.” साहेब म्हणाले, “बंदराच्या आत काही बसवता येत नाही. आणि गाडी सोडल्याशिवाय बाहेर नेता येत नाही.” साहेब वाईट नव्हते. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण नियमाला नियम चिकटून बसला होता आणि मध्ये सुई घालायलाही जागा नव्हती.

गाडी बंदराच्या उघड्या आवारात उभी राहिली. खारा वारा, वर ऊन, पाऊस. मिस्त्री अर्जांवर अर्ज करत राहिले. सुरुवातीला आत सोडायचे, तेव्हा ते फडकं घेऊन जायचे आणि गाडी पुसून यायचे. मग आत सोडणं बंद झालं. मग ते कुंपणाबाहेर उभे राहायला लागले. मग एकदा घरी यायचा रस्ता विसरले. तिथून पुढे रस्ते, माणसं, वार, कापडाची मापं असं एकेक करून सगळंच उसवत गेलं.

शेवटी बंदरातून नोटीस आली. मी एकटीच गेले. गाडीच्या जागी कोणाचे तरी लोखंडी पाइप रचून ठेवले होते. “कापून भंगारात गेली, बाई,” पहारेकरी म्हणाला. मी तिथेच एका पाइपवर बसून रडले. गाडीसाठी नाही. आता घरी जाऊन काय सांगायचं, या विचारानं रडले.

तर, ही गाडी मी कोणालाच देत नाही.

कलम पाच, सीटा. पुढची आणि मागची अशा दोन्ही सीटा वरच्या पुढच्या खोलीत आहेत. मिस्त्री सकाळी उठून तोंड धुतात आणि पुढच्या सीटवर येऊन बसतात, एका कडेला, बाजूला जागा सोडून. एक माणूस त्या सीटा मागायला आला होता, जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांपैकी. किंमत चांगली देत होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मिस्त्रींच्या हयातीत सीटा जागच्या हलवू नयेत.

कलम सहा, मिस्त्री. वकील म्हणाले, “माणूस ही मालमत्ता नाही, तो कोणाच्या नावे करता येत नाही.” तिथेच तर घोडं अडलं आहे. मालमत्ता असते तर त्यांच्यावरून भांडणं लागली असती, टेप घेऊन माणसं आली असती.

जो कोणी त्यांना सांभाळेल त्यानं हे समजून घ्यावं. रोज सकाळी चहाच्या आधी ते विचारतात, “गाडी आली का?” त्यावर म्हणायचं, “रस्त्यात आहे.” एवढंच. मग ते चहा घेतात, दिवसभर शांत असतात, कोणाला त्रास देत नाहीत. आवाजात कंटाळा येता कामा नये, तो त्यांना बरोबर कळतो. बाकी काही कळत नसलं तरी तेवढं कळतं.

माझी मुलगी सरळ स्वभावाची आहे. गेल्या खेपेला ती म्हणाली, “आई, किती दिवस खोटं बोलणार आहेस? एकदा खरं सांगून टाक, सुटतील बिचारे.” आणि तिनं सांगितलं. शेजारी बसून, हात हातात घेऊन, फार मायेनं सांगितलं. मिस्त्री लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तोंड धुतलं आणि विचारलं, “गाडी आली का?” तिनं पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तितकेच रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. तिसऱ्या दिवशी ती पहाटेच निघून गेली. तिला मी दोष देत नाही. तिच्या घरात तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, ती दोन्हीकडे पुरणार कशी? तिनं एक वृद्धाश्रमही पाहून ठेवला आहे. जागा स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. घरचं सामान मात्र नेता येत नाही. आणि तिथे सकाळी त्यांना उत्तर कोण देणार, असं मी विचारलं तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, “आमच्याकडे सगळेच काही ना काही विचारत असतात हो.”

म्हणून माझ्यामागे मिस्त्रींना या घरात राहून सांभाळण्याची जबाबदारी मी ................ यांच्यावर सोपवते. या जागी आधी मुलीचं नाव होतं, तिनं फोनवर रडत खोडायला सांगितलं. मग दिरांचं होतं, ते त्यांनी न रडता खोडायला सांगितलं. पिशव्या शिवणाऱ्या बाईला विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनं हो म्हटलं असतं आणि तिची तीन लेकरं उघडी पडली असती. मोकळी जागा ठेवून सही करू नये, असं वकिलांनी बजावलं आहे. मला दुसरा इलाज सुचत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला तिथे स्वतःचं नाव लिहावंसं वाटलं, तर माझी हरकत नाही.

कलम सात, मुलगा. त्याला घराचा निम्मा वाटा लिहिलाच आहे. त्यानं फोन करणं सोडलं आहे. फोन केला की मिस्त्री विचारतात, “चढवली का जहाजावर? सीटा काढल्यास ना आधी?” आणि तो तिथेच फोन कापतो. बाळा, तू बापाचं ऐकलंस, एवढंच केलंस. सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. नुसतं “हो बाबा, काढल्या” म्हण आणि फोन ठेव. तेवढं तुला इतक्या लांबूनही करता येईल. मी होते तोवर तू केलं नाहीस, याचा मला फार राग आहे, आणि तोही इथे लिहून ठेवते, कारण माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

कलम आठ, माझ्याविषयी. माझ्यामागे काही करू नये, कोणाला बोलावू नये. मला खालच्या दारानं न्यावं आणि तेवढा वेळ वरच्या खोलीचं दार लावून घ्यावं.

मिस्त्रींना काय सांगायचं, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक काहीच सांगावं लागणार नाही. हल्ली ते मला नावानं हाक मारत नाहीत. कधी बाई म्हणतात, कधी गिऱ्हाईक समजून “बसा, काम झालंय” म्हणतात. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा ते मान वर करून म्हणाले, “गाडी आली का?” इतक्या दिवसांत त्यांनी माझी एकदाही चौकशी केली नव्हती, असं शेजारणीनं सांगितलं. खरं म्हणजे तिनं सांगितलं नाही, मी खोदून विचारलं.

म्हणून माझी शेवटची सूचना एवढीच आहे, आणि ती कोर्टात टिकते की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. मी गेल्यावर मिस्त्रींनी एकदा जरी विचारलं की ती कुठे गेली, तर ज्यानं ते ऐकलं असेल त्यानं तो दिवस या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवावा. मला कळणार नाही. तरी लिहून ठेवावा.

इथे मजकूर संपला. खाडाखोड आहे ती माझीच आहे.

ठिकाण: राहतं घर, वरची मागची खोली.
दिनांक: आज सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा वार. तारीख वकील घालतील.

लिहून देणार: सीटवाल्या काकू (सही)

साक्षीदार पहिली: शेजारी पिशव्या शिवणारी. मजकूर मला वाचून दाखवला, सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार दुसरे: नेहमीचे डॉक्टर. सही करताना बाई पूर्ण शुद्धीत होत्या. पुढच्या खोलीतून हाक आल्यामुळे मध्ये एकदा उठून गेल्या आणि परत येऊन सही पुरी केली. (सही)